कार्ड जयी गयं

शहाद्याहून नंदुरबारला निघालेल्या बसमध्ये ममता पाटील उभी होती आणि तिच्या छातीशी, आईच्या जुन्या गोधडीत गुंडाळलेला, तिचा कॉम्प्युटर होता. नुसता डबाच, पण वजन असं की हात खांद्यातून निखळतील. बस खच्चून भरलेली. प्रत्येक वळणावर ती एकीकडे आणि डबा दुसरीकडे जायला बघत होता. तिने गोधडी आणखी घट्ट धरली आणि हळूच थोपटली. का थोपटली कोण जाणे! माणूस घाबरलं की हाताशी असेल ते थोपटतं.

"ताई, तुम्ही इथे बसा. बाळाला घेऊन किती वेळ उभ्या राहाल?"

खिडकीजवळचा एक तरुण उठून उभा राहिला होता. सावळा, कुरळ्या केसांचा, पाठीला पिशवी. मराठी इतकं स्वच्छ की आत्ताच इस्त्री करून आणल्यासारखं.

आता खरं सांगावं, की गपचूप बसून घ्यावं? वाटेतल्या प्रकाशा गावच्या पुलापर्यंतचे खड्डे ममताच्या डोळ्यांपुढे आले. तिने बसून घेतलं. गोधडी मांडीवर ठेवली. हसू दिसू नये म्हणून हनुवटी तिच्यात खुपसली.

कंडक्टर आला. "तुमनं अर्धं तिकीट, मावशी. लेकरूनं फुकट."

बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला मावशी! पण कडेवर लेकरू असलं की बाई मावशी होतेच, काय करणार. शेजारच्या म्हातारीने मान पुढे काढली. "दखू दे वं माय, कोनावर गयं?"

"श्शू... जपेल शे," ममता म्हणाली. म्हणजे झोपलंय. म्हातारीने लगेच आवाज खाली घेतला आणि गोधडीवरून मायेने हात फिरवला. आतल्या लोखंडाचा कोपरा हाताला लागला तशी ती जरा दचकली. बहुतेक तिला वाटलं, पोर हडकुळं आहे.

प्रकाशाच्या पुलाआधी बस अशी आदळली की गोधडीची घडी सुटली आणि आतून एक काळी वायर लोंबायला लागली. ममताने डोळे मिटून घेतले. झालं, आता शोभा होणार... पण तो तरुण खाली वाकला. वायर बोटांनी अलगद उचलून त्याने गोधडीत खोचली, वरून कडाही नीट केली.

"बाळाचा पाय बाहेर आला होता," तो गंभीरपणे म्हणाला.

ममताने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण डोळ्यांत होतं, भरपूर होतं. नंदुरबार येईपर्यंत मग तिने खिडकीबाहेरच बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, कापूस आणि पपई, जन्मापासून पाहिलेली. तरी बघितलं.

ममताचं दुखणं इथेच सांगून टाकतो, म्हणजे डबा घेऊन ही कुठे निघाली ते कळेल. ब्राह्मणपुरीच्या भिला पाटलांची ही धाकटी मुलगी. बी.एस्सी. झाली आणि गावात कुणालाच नीट न कळणारं काम तिने धरलं. कॉम्प्युटरवर हलतीबोलती चित्रं बनवायची. कॉम्प्युटर वडिलांनीच, म्हणजे आबांनीच, हौसेने आणून दिला होता, त्यात चित्रं रंगवणारं चांगलं दणकट ग्राफिक्स कार्डही होतं. पण पोर दिवसभर खोलीत बसून काय करते ते गावाला सांगता सांगता आबांचा धीर सुटत चालला होता. दसऱ्याला ते म्हणाले होते, "दिवाईलोंग दख, पोरी. काम लागनं तं लागनं. नईतं बी.एड.ना फारम भर." म्हणजे मुदत दिवाळीपर्यंत.

आणि नेमकं त्याच आठवड्यात बंगळुरूच्या एका स्टुडिओने तिला सांगितलं की ठरल्या मुदतीत एक मिनिटाची चित्रफीत करून पाठव. पसंत पडली तर नोकरी, तीही घरी बसून. ममताने ठरवलं, मिरचीची पथारी करायची. नंदुरबारच्या बाहेर वाळत घातलेल्या मिरच्यांचा तो लालभडक पसारा, आणि त्यात दावं तोडून घुसलेलं, कान उडवत पळणारं रेडकू. मिरच्या सगळ्या वेगवेगळ्या उडाल्या पाहिजेत! लाखभर मिरच्या कॉम्प्युटरने रंगवायच्या, म्हणजे रेंडर करायच्या, ही गंमत नाही. दुसऱ्या दिवशी ते कार्डच बसलं. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तर ती फाइल उघडतसुद्धा नव्हती. दिवाळी तोंडावर, पोरीच्या तोंडचं पाणी पळालेलं.

तर अशी ती स्टेशन रोडवरच्या नवनीतभाईंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिरली. आणि काउंटरच्या मागे, पाठीची पिशवी खुंटीला अडकवत, तोच उभा होता.

"बाळ आजारी आहे वाटतं," तो म्हणाला.

"तुम्ही आठे?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"मी इथेच असतो. सॅम्युअल गावित. नवापूरकडचा. शहाद्याला एका कॉलेजातले कॉम्प्युटर दुरुस्त करून येत होतो." त्याने गोधडी सोडवली, घडी घालून बाजूला ठेवली. "आता सांगा, काय होतंय? तुमच्याच शब्दांत सांगा. वॉरंटी शिल्लक आहे, तेव्हा कंपनीच्या साइटवर तक्रार आत्ताच टाकतो. त्यांचा नंबर लागेपर्यंत आपण तपासून घेऊ."

ममता शहरात शिरली की शाळेतलं मराठी बोलते. पण जीव तळमळला की ते मराठी कुठल्या कुठे पळतं.

"काय सांगू! रेंडरले लावं, पाच मिनिटमा पडदावर गुलाबी ना हिरवा चौकटच चौकट! मंग समदं कायंकुट्ट. कार्ड जयी गयं!"

सॅम्युअलची बोटं कळफलकावर थांबली. "जयी... म्हणजे जिंकलं?"

ममता खो खो हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "जिंकनं नई हो! जयी गयं, जयी गयं!"

सॅम्युअलचं घरचं बोलणं कोकणी, म्हणजे तिकडच्या डोंगरातल्या आदिवासींची, गोव्याकडची नव्हे; शिक्षण होस्टेलमधल्या पुस्तकी मराठीत, मग नोकरी पुण्यात. नंदुरबारात येऊन त्याला फारसे दिवस झाले नव्हते, अहिराणी अजून कानाला परकी होती. पण माणूस काटेकोर. गिऱ्हाइकाचा शब्द कंपनीला जसाच्या तसा पोचला पाहिजे, असा त्याचा बाणा. त्याने मागे वळून विचारलं, "भाई, जयी गयं म्हणजे काय?"

नवनीतभाईंच्या तोंडात सुपारी होती. ते एवढंच म्हणाले, "जळालं."

सॅम्युअलने मान डोलावली आणि इंग्रजीत अगदी शुद्ध लिहिलं, कार्ड जळालं आहे. झालं! मांजर आडवं गेलं ते इथे, पण त्या वेळी कुणालाच दिसलं नाही.

त्यानंतरचे दिवस मोठे छान गेले. डबा दुकानात होता, म्हणून ममता दिवसाआड नंदुरबारला यायची. डब्याला काही सोबत लागत नव्हती. पण ती यायची. सॅम्युअलने कार्ड काढून त्याच्या कडेचे सोनेरी दात खोडरबराने घासले, वायर बदलून बघितली, सॉफ्टवेअर पुसून नव्याने घातलं. एकदा त्याने धूळ उडवायला ब्लोअर लावला आणि दुकानात लाल ढग उठला. ममताच्या घरी अंगणात मिरची कुटतात, ती सगळी पूड पंख्यातून आत जाऊन बसली होती! नवनीतभाई शिंकत शिंकत रस्त्यावर पळाले. हे दोघे आत अडकले. शिंका थांबेनात, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि त्यात हसू.

"तुम्ही... रडताय का?" त्याने विचारलं.

"तुम्ही बी तं रडी ऱ्हायनात!"

त्याने खिशातला रुमाल पुढे केला. तिने डोळे पुसले आणि परत देताना बोटाला बोट लागलं... उगीच, जरासंच. तिखटाने दोघांची तोंडं आधीच लाल झाली होती, म्हणून कुणाचं काही उघडं पडलं नाही.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "बसमा तुम्ही मले ताई म्हने."

"बाळ बघून म्हणालो होतो. बाळ नाही हे कळल्यापासून एकदा तरी म्हणालो का?"

नव्हता म्हणाला. ममताने ते केव्हाच हेरलं होतं, तिला फक्त त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

शेवटी त्याने ते कार्ड दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं. तिथेही तेच गुलाबी-हिरवे चौकोन. "बघा, दोष कार्डाच्या मेमरीत आहे," तो म्हणाला. "बाकी तुमचं मशीन ठणठणीत. कार्ड बदलूनच मिळणार, काळजी सोडा." आणि कार्ड सुरतेच्या सर्व्हिस सेंटरला रवाना झालं.

ममताने काळजी सोडली. सोडायला नको होती. कंपनीकडून उत्तर आलं ते असं, की जळालेल्या कार्डाला वॉरंटी लागू नाही. दावा नामंजूर.

"जळालेलं?" ममता काउंटरवर ओणवी होऊन पडद्याकडे बघत राहिली. "जळालं असं कोणी लिहिलं?"

"तुम्हीच म्हणालात ना..." सॅम्युअलचा आवाज बारीक झाला. "जयी गयं."

"अहो, आमनाकडे मोटर जयी जास, बल्ब जयी जास, मोबाइल जयी जास! बंद पडलं की जयी गयं म्हणतात! आग कोठे लागनी व्हती?"

सॅम्युअल स्टुलावर बसला. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. "मी शब्द अगदी बरोबर लिहिला होता," तो स्वतःशीच म्हणाला.

"हो ना! चुकीचा लिहिला असता तर वाचले असते!"

ती तशीच निघाली. बसमध्ये तिला रडू आलं आणि ते तिने येऊ दिलं. राग कार्डाचा होता, कंपनीचा होता, दिवाळी जवळ येत होती त्याचा होता. आणि सगळ्यात जास्त राग याचा, की ज्याच्यावर मनापासून चिडावं त्याचाच चेहरा पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत होता. स्टुलावर बसलेला, पडलेला.

सॅम्युअलने सुरतेला मेलवर मेल केले, फोन केले. दर वेळी तेच एक वाक्य परत आलं. मग त्याने ममताला फोन लावला.

"मी उद्या सकाळच्या गाडीने सुरतला जातो. समोर उभं राहून सांगतो. चूक माझी आहे, तुम्ही त्रास घेऊ नका."

"कार्ड मन्हं शे. मी बी येसू."

"येशू?"

"येसू! येसू म्हणजे येईन!"

"आमच्या घरी असं म्हणालात तर सगळे हात जोडून उभे राहतील," तो म्हणाला. आणि ममता चिडलेली होती, खरंच चिडलेली होती, तरी हसली. सुरतेला तिची आत्या राहते, त्यामुळे घरून परवानगीची अडचण आली नाही. आबांनी फक्त विचारलं, "संगे कोन शे?" ती म्हणाली, दुकानवाला. आबांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर जाड चष्म्याचे, घामाघूम झालेले एक गृहस्थ होते. डोक्यावरचा पंखा बंद, हातात पुठ्ठा. पुठ्ठ्याने वारा घेत ते म्हणाले, "जला हुआ लिखा है. जले हुए में वॉरंटी नहीं."

"लिहिण्यात चूक झाली, साहेब. गलती मेरी है," सॅम्युअल पुढे झाला. "इनका कहना कुछ और था, मैंने अनुवाद गलत समझा..."

"जो लिखा है, वो लिखा है."

"एक बार लगाके तो देखिए."

"लगाने का नियम नहीं." पुठ्ठा जोरात हलला. गृहस्थ वर पंख्याकडे बघून वैतागले. "शुं करूं, बेन, आ पंखो पण बळी गयो छे!"

ममताचे कान टवकारले. गुजरातीतला 'बळी गयो' तिला ओळखीचा होता, आत्याच्या शेजारणी बोलायच्या. बळवुं म्हणजे जळणं.

"भाई," ती म्हणाली, "आपके पंखे को आग लगी थी?"

"आग? ना रे बेन. बंद पडी गयो."

"धूर निकला? काळा पडला?"

"ना, ना! चोख्खो छे, जुओ ने."

"तो फिर बळी गयो क्यों बोले?"

"अरे, एवुं ज बोलाय ने!" म्हणजे, असंच तर म्हणतात! ते बोलून गेले आणि थांबले. पुठ्ठाही थांबला.

"हमारे उधर भी एवुं ज बोलाय," ममता म्हणाली. तिने काउंटरवर दोन्ही हात टेकले. आवाज चढला होता आणि तिला त्याची पर्वा नव्हती. "मैं बोली, जयी गयं. म्हणजे बंद पड़ा. इन्होंने शाळेसारखा जळालं लिख दिया. अब आपके पंखे की वॉरंटी गई, या मेरे कार्ड की?"

आतल्या खोलीतून कुणीतरी मोठ्याने हसलं. गृहस्थ ममताकडे बघत राहिले, मग सॅम्युअलकडे, मग पंख्याकडे. आणि तेही हसायला लागले, चष्मा काढून डोळे पुसावे लागले इतके. कार्ड आतून मागवलं. टेबलावरच्या मशीनमध्ये बसवलं. पडदा उजळला आणि त्यावर गुलाबी-हिरवे चौकोन एकेक करून उमटले. ममताने ते चौकोन आजवर इतके शिव्याशाप देऊन पाहिले होते, आज तिला ते रांगोळीसारखे वाटले. जळालेलं कार्ड कधी रंग दाखवतं का? हातच्या काकणाला आरसा कशाला?

"फॉल्ट मेमरीनो छे," गृहस्थांनी शेरा बदलला. "ये मॉडेल अब आता नहीं. इसके ऊपर का भेजेंगे, बेन. चार-पांच दिन में." आणि सॅम्युअलला म्हणाले, "आप लिखा मत करो, भाई. इनको लिखने दो."

परतीच्या गाडीत दोघं लहान मुलांसारखी बडबडत होती. एकाच पुड्यातले खमण खाताना कुणी किती खाल्ले याचं भान नव्हतं. तिने त्या गृहस्थांची नक्कल केली, त्याने स्वतःची केली. नवापूरला गाडी सिग्नलसाठी रखडली. या स्टेशनाचा अर्धा फलाट गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात. पाय मोकळे करायला ती दोघं उतरली आणि मधल्या बाकावर बसली. ती पलीकडच्या राज्यात, तो अलीकडच्या.

"तो डोंगर दिसतो ना, त्याच्या मागे आमचं गाव," सॅम्युअल म्हणाला. संध्याकाळ डोंगरावर उतरत होती, वाऱ्याला भाताच्या पेंढ्याचा वास होता. त्याने बोटं एकमेकांत गुंतवली, सोडवली... "ममता, मला तुम्ही आवडता. फार आवडता. हे मी माझ्या भाषेत म्हणायला हवं होतं, तिथे धीटपणे म्हणता येतं. पण मग तुम्हाला भाषांतर करून द्यावं लागलं असतं, आणि माझ्या भाषांतराचं काय होतं ते आपण पाहिलं."

ममताचं काळीज असं धडधडायला लागलं की तिला वाटलं फलाटावर ऐकू जाईल. हो म्हणायला जीभ अगदी टेकली होती. पण तिने स्वतःला आवरलं.

"आत्ता उत्तर देणार नाही," ती म्हणाली. "माझी चित्रफीत पाठवायची आहे. तिच्यावर नोकरी नाही लागली तर मी बी.एड.ला जाणार, आणि मग घरचे ठरवतील तसं. तेव्हा तुम्हाला हो म्हटलं तर ते आडोशाला पळाल्यासारखं होईल. मला तुमचा आडोसा नको."

"आणि लागली तर?"

"तर कदाचित नाहीसुद्धा म्हणेन!" ती मान उडवून म्हणाली. शिट्टी झाली. पण डब्यात चढताना त्याने हात पुढे केला तेव्हा तिने तो धरला, आणि चढून झाल्यावरही लगेच सोडला नाही.

नवं कार्ड आलं ते, गोधडीत गुंडाळलेल्या डब्यासकट, सॅम्युअल स्वतः ब्राह्मणपुरीला घेऊन आला. आबा ओट्यावर होते. त्याने कार्ड बसवेपर्यंत ते दारात उभे राहिले. काय चाललंय ते विचारत राहिले आणि तोही केळीच्या बागेबद्दल विचारत राहिला. ममताच्या आईने, धनुबाईंनी, दोघांना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा वाढला. ठेचा लागल्यावर पाव्हण्याच्या कानातून धूर निघतो की काय, हे ममता दाराआडून बघत होती. तो घाम पुसत पुसत जेवला आणि ठेचा परत मागितला.

"तुम्ही चर्चमा जातस ना?" आबांनी एकाएकी विचारलं.

"हो. दर रविवारी."

"चांगलं शे," आबा म्हणाले. "देवले इसरनारा मानूस मन्हा कामना नई."

त्या दुपारी ममताने काम लावलं. पंखे घोंगावले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तिने श्वास धरून ठेवला होता. चौकोन आले नाहीत. पडद्यावर मिरच्या उडाल्या, एकेक, लालचुटूक, उन्हात चमकणाऱ्या, आणि त्यांच्यामधून ते अडाणी रेडकू शेपूट वर करून सुसाट पळालं. धनुबाई पदराला हात पुसत आत आल्या होत्या. "अगं, हाई तं आपलं रेडकू!" त्या ओरडल्या. ममता आईच्या गळ्यात पडली. मुदत संपायच्या आत चित्रफीत बंगळुरूला गेली.

धनतेरसच्या सकाळी उत्तर आलं.

ममता ओट्यावर होती. आबा शेजारी बसून ठिबकची नळी सारखी करत होते. तिने मेल एकदा वाचला, पुन्हा वाचला, मग अशी ओरडली की समोरच्या झाडावरचे पारवे उडाले. "आबा, काम लागनं! लागनं!" आबांनी नळी बाजूला ठेवली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. 

मग तिने तिथेच, आबांच्या समोर, फोन लावला.

"लागली!" ती म्हणाली. पलीकडून आलेली आरोळी आबांनाही ऐकू गेली. मग त्याला भान आलं असावं. इस्त्रीचं मराठी परत आलं. "मनःपूर्वक अभिनंदन."

"अभिनंदन राहू दे. उत्तर ऐकायचं नाही का?"

"ऐकायचं आहे," तो म्हणाला, अगदी हळू.

"हो. ऐकलंस? हो! सॅम्युअल, तू मले आवडस. गंज आवडस, म्हणजे फार!"

आबांनी वर पाहिलं. ममताने फोन खाली केला, पण मान खाली घातली नाही. "आबा, तो सॅम्युअल शे. मी त्यानासंगे लगीन करसू. आते मन्हं काम शे, मी मन्हा पायवर उभी शे, म्हनीसन सांगस."

करंजीचं पीठ लागलेल्या हातांनी धनुबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. गल्लीतून एक ट्रॅक्टर गेला. आबांनी नळी उचलली आणि तशीच पुन्हा खाली ठेवली.

"त्याना देव येगळा शे," आबा म्हणाले.

"शे."

"मानसं बोलतीन."

"बोलतीन, आबा."

आबांनी दाराकडे पाहिलं. "तू काय म्हनस?"

"मी काय म्हनू," धनुबाई म्हणाल्या. "ज्याने मन्हा ठेचा परत मांगा, त्याले मी तं त्याच दिने वळखं."

आबांनी हात पुढे केला. "फोन दे."

ममताने फोन दिला. आबांनी घसा खाकरला आणि शेतात हाक मारावी तसे मोठ्याने बोलले, "हॅलो! पाव्हना का? दिवाईना फरायले या. मायबापले संगे लईसन या. बरं का, पाव्हना?"

फोन परत तिच्या हातात देऊन ते तडक आत गेले. डोळ्यांत काही गेल्यासारखा त्यांनी उपरणं तोंडावरून फिरवलं. ममताने फोन कानाला लावला तेव्हा सॅम्युअल रडवेला झाला होता.

"ममता, ते मला पाहुणा म्हणाले. दोनदा म्हणाले. म्हणजे... परकाच समजले ना मला?"

ममताला हसू आणि रडू एकदमच आलं.

"येड्या!" ती म्हणाली. "खान्देशात जावयाला पाव्हना म्हणतात!"

"परत सांग," तो म्हणाला.

आणि ममताने अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात परत सांगितलं.